वाकाटक: वावरात सापडलेलं नाव

आमच्या वलगावच्या माणसाला परगावी कुणी गाव विचारलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "गाडगेबाबांचं वलगाव का?" २० डिसेंबर १९५६ रोजी पेढी नदीच्या पुलाजवळ बाबांनी देह ठेवला आणि गावाच्या नावाला त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं. डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचं पाळण्यातलं नाव सांगताना माणूस क्षणभर थांबतो. हातातल्या गाडग्यावरून पडलेलं नाव मात्र लहान पोरालाही येतं. लोकांनी आपणहून ठेवलेलं नाव ते.

गावावरून जाणाऱ्या परतवाड्याच्या रस्त्यानं पुढे निघालं, आसेगावला पूर्णा ओलांडली, की चाळीसेक किलोमीटरवर अचलपूर येतं. अचलपूरच्या नैऋत्येला दोनेक कोसांवर चमक नावाचं गाव आहे. १८६८च्या सुमारास तिथलं एक वावर नांगरताना मातीतून तांब्याचे पत्रे वर आले. एकूण सात पत्रे, भोकातून कडी ओवून एकत्र बांधलेले, कडीला राजाची मुद्रा. त्यांवरची अक्षरं पाहिली की डोळ्यांत भरतं ते एकच: प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर कोरलेली इवलीशी चौकोनी पेटी. या लिपीला पेटिकाशीर्ष ब्राह्मी म्हणतात. फ्लीट यांनी १८८८ साली गुप्तकालीन लेखांच्या आपल्या ग्रंथात हा ताम्रपट छापला. मुद्रेवरचा राजा होता दुसरा प्रवरसेन, आणि त्याच्या कुळाचं नाव होतं वाकाटक.

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून पाचव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे सुमारे अडीचशे वर्षं, या घराण्यानं विदर्भावर राज्य केलं. अजिंठ्याची सोळाव्या क्रमांकाची लेणी त्यांच्या प्रधानानं कोरून घेतली. गुप्त सम्राटाची मुलगी त्यांच्या घरात सून म्हणून आली. तरीही नांगरानं ते पत्रे वर काढले त्या दिवशी वऱ्हाडातल्या एकाही माणसाला हे नाव ठाऊक नव्हतं. पुराणांत विंध्यशक्ती येतो, त्याचा मुलगा प्रवीर येतो, त्याची साठ वर्षांची कारकीर्द आणि वाजपेय यज्ञ येतात; वाकाटक हा शब्द तिथेही नाही. अचलपुरात जुन्या राजाचं नाव विचारलं तर लोक ईल राजाची कथा सांगतात. त्याच्या मागे गेलं की आठवण एकदम रुक्मिणीवर जाऊन पोचते. कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर, तिथून पंढरपूरला पालखी जाते. ईल राजा आणि रुक्मिणी यांच्या मधली सगळी शतकं लोकांच्या तोंडून पुसली गेली.

तमिळ देशाकडे पाहिलं की हे पुसलं जाणं अधिकच बोचतं. अशोकाच्या शिलालेखांत दक्षिणेच्या टोकाचे चोड, पांड्य, केरळपुत्र ही नावं येतात. म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली ही नावं. आज तमिळ खेड्यातल्या शाळकरी मुलाला चेर, चोळ, पांड्य ही तीन नावं एका दमात म्हणता येतात. चोळांचा मुलूख तो चोळमंडल. परदेशी खलाशांनी त्याचाच कोरोमंडल केला आणि तो जगाच्या नकाशावर चढला. पल्लवांचं नाव चेन्नईलगतच्या पल्लावरमला चिकटून आहे. या राजांचा तपशील तिथेही विसरला गेला होताच. तंजावरचं १०१० साली पुरं झालेलं मोठं देऊळ पहिल्या राजराजानं बांधलं हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हुल्ट्झ यांनी भिंतीवरचे लेख वाचले तेव्हा पक्कं झालं. तोवर लोक ते दंतकथेतल्या कुठल्यातरी चोळाच्या नावावर सांगत. पण तो चोळ होता एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. कूळ विसरलं गेलं नव्हतं.

मला याचं कारण दिसतं ते लिहिण्याच्या जागेत. चोळांनी आपली बिरुदं, दानं, सोन्याचा आणि दिव्यांच्या तुपाचा हिशेब देवळाच्या जोत्यावर उघड्यावर कोरला आणि त्या देवळात पूजा चालू राहिली. लेख वाचता न आला तरी त्याच्यावरून हात फिरत होता. त्याच देवळाच्या भिंतीवर १८०३ साली तंजावरच्या भोसल्यांनी आपल्या वंशाचं चरित्र मराठीत कोरून घेतलं. नाव टिकवायचं तर ते कुठं लिहायचं, हे तिथं गेलेल्या मराठी राजांनाही उमगलं. वाकाटकांचं लेखन बहुतेक तांब्यावर झालं. ताम्रपट हा घरचा कागद, आजच्या भाषेत सातबारा. तो जपायचा, लपवायचा, धाडीच्या वेळी जमिनीत पुरायचा. पुरणारा गेला की कागदही गेला. अजिंठ्याचं म्हणाल तर ती दरी स्वतःच झाडोऱ्यात बुडाली आणि १८१९ साली इंग्रज शिकाऱ्यांची टोळी तिथं पोचेपर्यंत बाहेरच्या जगाला तिचा पत्ता नव्हता.

चमकचा ताम्रपट मात्र पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. आपल्या मातीचं एवढं जुनं आणि एवढं बारीक वर्णन दुसरीकडे क्वचितच मिळेल. प्रवरसेनाच्या राज्याचं अठरावं वर्ष, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. वऱ्हाडात या दिवसांत वखरणी आटोपलेली असते आणि माणूस आभाळाकडे बघत असतो. राजा प्रवरपुरात आहे. भोजकट राज्यातलं, मधुनदीच्या काठचं चर्मांक नावाचं गाव, राजमापानं आठ हजार भूमी, तो एक हजार ब्राह्मणांना देतो आहे. हे दान शत्रुघ्नराजाचा मुलगा कोंडराज याच्या विनंतीवरून आहे आणि लेख सेनापती चित्रवर्म्याच्या देखरेखीखाली लिहिला आहे. हजारांपैकी ४९ जणांची नावं गोत्रासह दिली आहेत: देवार्य, सोमार्य, रुद्रार्य अशी. चर्मांकाचंच पुढे चमक झालं.

आणि मग येते सुटीची यादी. या गावात राजाचे शिपाई शिरणार नाहीत. गावाला पाळीपाळीनं गाई-बैल पुरवावे लागणार नाहीत. फुलं आणि दूध द्यावं लागणार नाही. फिरतीवरच्या अधिकाऱ्यांसाठी चारा, बसायला कातडी, शेकायला कोळसा मागितला जाणार नाही. मिठाच्या खाणीवरचा हक्क राजा सांगणार नाही. वेठबिगार माफ. जमिनीत ठेवा सापडला तर तो गावाचा. ही सूट वाचताना मला आधी आठवतं ते शेजारचं गाव, ज्याला सूट नव्हती. तिथल्या माणसाला हे सगळं द्यावं लागत होतं: बैल, दूध, फुलं, कातडं, कोळसा आणि अंगमेहनत. राजाचा माणूस मुक्कामाला आला की गोठ्यात आणि चुलीपाशी काय धावपळ उडत असेल, ती या नकारांच्या रांगेतून दिसते.

दान घेणाऱ्यांवर अटीही आहेत, आणि इतक्या स्पष्ट अटी क्वचित भेटतात. या ब्राह्मणांनी राज्याविरुद्ध द्रोह करू नये, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार, राजाला अपाय यांपासून दूर राहावं, लढाई करू नये, दुसऱ्या गावांना त्रास देऊ नये. एवढं पाळलं तर चंद्रसूर्य असेतोवर दान त्यांचं. मोडलं तर राजा ते काढून घेईल आणि त्यात चोरीचं पाप नाही. राजाला हजार विद्वान एका जागी बसवायचे होते, पण त्या हजारांची थोडी धास्तीही होती.

आता नावाकडे येतो. वाकाटक म्हणजे काय?

काशीप्रसाद जयस्वाल यांचं म्हणणं १९३३ साली इंग्रजी ग्रंथात आलं. त्यांच्या मते हे गावावरून पडलेलं नाव आहे. आपल्याकडे जानोरीचा तो जानोरकर, तसा वाकाटचा तो वाकाटक. हे वाकाट म्हणजे बुंदेलखंडात ओरछा संस्थानातलं बागाट. विंध्यशक्ती या मूळपुरुषाच्या नावात विंध्य आहे, आणि बुंदेलखंडात नाचना व गंज इथं वाकाटक पृथिवीषेणाचं नाव घेणाऱ्या मांडलिकाचे शिलालेखही आहेत. जयस्वाल तिथेच थांबले नाहीत. कांचीचे पल्लव ही वाकाटकांचीच दक्षिणेत गेलेली शाखा, असं त्यांनी मांडलं. दोन्ही ब्राह्मण कुळं, वाकाटक विष्णुवृद्ध गोत्राचे, पल्लव भारद्वाज. म्हणजे तमिळ देशातल्या एका बलाढ्य घराण्याचं मूळ त्यांनी विदर्भाच्या राजकुळात शोधलं.

वा. वि. मिराशी यांनी नेमकं उलट्या बाजूनं पाहिलं. मिराशी मूळचे कोकणातले, पण त्यांचं सगळं आयुष्य विदर्भात संस्कृत शिकवण्यात आणि ताम्रपट वाचण्यात गेलं. अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे ते प्राचार्यही होते. वाकाटकांचे सगळे लेख एकत्र करणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६३ साली आला. आजही वाकाटकांचं काही वाचायला घेतलं की वाट मिराशींच्या पानांवरूनच जाते. त्यांचा पहिला पुरावा अमरावतीच्या एका स्तंभावरचा. वऱ्हाडी वाचकाचं काळीज इथे लकाकतं, पण ही अमरावती आपली नव्हे. आपली अमरावती म्हणजे जुनी उदुंबरावती, अंबादेवीची. स्तंभ आहे तो आंध्रात कृष्णेच्या काठी, गुंटूरजवळच्या अमरावतीच्या बौद्ध स्तूपाचा. वाकाटक नावाचा एक गृहपती आपल्या बायकांसह तिथं यात्रेला गेला, त्यानं दान केलं आणि त्याचं नाव दगडावर राहिलं. राजा नव्हे, सेनापती नव्हे, साधा गृहस्थ. मिराशींच्या मते हे नाव आढळण्याची ही सगळ्यांत जुनी जागा, आणि म्हणून कुळाचं मूळ दक्षिणेत.

त्यांचा दुसरा पुरावा मला अधिक वजनदार वाटतो. १९३९मध्ये वाशीमला एक ताम्रपट सापडला. तो दुसऱ्या विंध्यशक्तीचा, त्याच्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षीचा. त्यानं वाकाटकांची वत्सगुल्म, म्हणजे वाशीमची, वेगळी शाखा उजेडात आली. लेखाचा वंशावळीचा भाग संस्कृतात आणि दानाचा भाग प्राकृतात आहे. राजांना बिरुद आहे धर्ममहाराज, आणि पहिल्या प्रवरसेनाला हारितीपुत्र म्हटलं आहे. ही बिरुदं उत्तरेची नव्हेत. ती दक्षिणेतल्या घराण्यांत चालणारी. कांचीहून निघालेला पल्लव शिवस्कंदवर्म्याचा प्राकृत ताम्रपट बल्लारीकडे हिरेहडगळीला सापडला, त्यात तो धर्ममहाराजाधिराज आहे. त्याच ताम्रपटातली सुटीची यादी पाहावी: मीठ, गूळ, पाळीचे बैल, गवत, लाकूड, भाजी, फुलं. चमकच्या यादीची ती सख्खी बहीण आहे. कांचीच्या कचेरीत आणि वऱ्हाडच्या कचेरीत बसलेले लेखक एकाच वळणाचं शिकलेले होते.

सगळ्या अभ्यासकांनी मिराशींचं मत मानलेलं नाही. अजय मित्र शास्त्री यांच्यासारख्यांनी विंध्याची बाजू पुन्हा उचलून धरली. स्तंभावरचा गृहपती हा राजकुळाचा पूर्वजच होता हे सिद्ध करता येत नाही, हा त्यांच्या बाजूचा आक्षेप मलाही रास्त वाटतो. पण लेखांची भाषा, बिरुदं आणि कारभाराचे शब्द दक्षिणेकडे बोट दाखवतात, एवढं मी मिराशींच्या पदरात नक्की टाकीन. कूळ कुठूनही आलं असो, कारभार दक्षिणेच्या घडणीचा होता.

पल्लवांच्या नावाचीही अशीच ओढाताण झालेली आहे. कुणी ते पहलव, म्हणजे इराणकडून आलेल्या पार्थियनांशी जोडलं. संस्कृतात पल्लव म्हणजे पालवी. तमिळ देशात त्यांच्या मुलखाला तोंडैमंडलम म्हणतात. तोंडै हा एक वेल, आणि तमिळ कोशांत त्याचा अर्थ आपल्या तोंडल्याच्या वेलाशी जुळवलेला आहे. चोळ राजा आणि नागकन्या यांच्या मुलाला तोंडैची डहाळी बांधून समुद्रात सोडलं आणि त्यापासून हे कूळ चाललं, अशी कथा तिकडे सांगतात. तोंडै या तमिळ शब्दाचं संस्कृत रूप म्हणून पल्लव आलं असावं, असं एक मत आहे. खरं-खोटं बाजूला ठेवलं तरी लोकांनी आपल्या राजाच्या नावाभोवती कथा रचली, कुंपणावरच्या वेलात ते नाव पाहिलं. वाकाटकांच्या नावाभोवती वऱ्हाडात एकही कथा नाही. एकही ओवी नाही, एकही म्हण नाही.

टिकली ती गावं. वत्सगुल्माचं वाशीम झालं, रामगिरीचं रामटेक, नंदिवर्धनाचं नगरधन. चमकच्या ताम्रपटातलं भोजकट म्हणजे वलगावपासून फार दूर नसलेली भातकुली, असं अभ्यासक मानतात. रुक्मिणीला कृष्णानं नेल्यावर तिचा भाऊ रुक्मी तोंड दाखवायला कौंडिण्यपूरला परतला नाही, त्यानं भोजकट वसवलं, ही कथा आपल्याकडे कीर्तनात येते. पण भोजकटाचं नाव कथेपुरतं नाही. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपावर, इसवी सनापूर्वीच्या लिपीत, भोजकटच्या दिङ्नागा नावाच्या भिक्षुणीचं दान नोंदवलेलं आहे. अशोकाच्या ज्या तेराव्या लेखात चोड आणि पांड्य येतात, त्याच लेखात भोजही येतात. तमिळ राजकुळं आणि आपले भोज एकाच शिळेवर शेजारीशेजारी आहेत. प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचं पवनार, असं मिराशींचं मत. तसं असेल तर धाम नदीकाठी विनोबांच्या आश्रमाकडे जाणारा माणूस नकळत एका वाकाटक राजाचंच नाव उच्चारतो. प्रवर राहिला, वाकाटक गेला.

या घराण्यातली एक बाई मला विशेष वाटते. प्रभावतीगुप्ता, दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नवरा, दुसरा रुद्रसेन, लवकर वारला. मुलं लहान. तिनं किमान तेरा वर्षं युवराज दिवाकरसेनाच्या नावानं राज्य चालवलं. तिचा एक ताम्रपट पुण्यात एका तांबटाच्या घरी मिळाला, दुसरा आपल्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला. दोन्हींत ती आधी माहेरची, गुप्तांची वंशावळ देते. गोत्रही बापाचं धारण सांगते, सासरचं विष्णुवृद्ध सांगत नाही. नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही निघाली. सोळाशे वर्षांपूर्वी सासरच्या राज्यावर बसून माहेरचं नाव तांब्यावर कोरून घेणारी ही राणी. आणि तो ताम्रपट निघाला कुठे, तर रिद्धपुरात, जिथे पुढे गोविंदप्रभू राहिले, जिथे महानुभावांनी लीळाचरित्र लिहिलं, आणि जिथे आता मराठी भाषेचं विद्यापीठ उभं राहतं आहे.

तिचा मुलगा प्रवरसेन, चमकचा दानी, हा कवी होता. त्याचं काव्य सेतुबंध. ते संस्कृतात नाही, महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे जिच्या पोटी आपली मराठी जन्मली त्या भाषेत. वऱ्हाडच्या राजानं विषय निवडला तो रामेश्वरच्या समुद्रावर वानरांनी बांधलेल्या पुलाचा. वाशीमच्या शाखेचा सर्वसेन हाही कवी. त्याचं हरिविजय आज पूर्ण मिळत नाही, पण जुन्या अलंकारशास्त्र्यांनी त्याची वाखाणणी केलेली आहे. वाशीमचा लौकिक एवढा की राजशेखरानं काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न वत्सगुल्मात लावलं, आणि वैदर्भी रीतीला प्राकृतात या गावावरून वच्छोमी असं नाव मिळालं.

हे सगळं कुणी जपलं, याचा माग काढता काढता मी कांचीला पोचतो. तिथं पल्लवांच्या आश्रयानं, सातव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आसपास, दंडी राहत होता. काव्यादर्शात त्यानं महाराष्ट्राची भाषा ही प्राकृतांत उत्तम असं म्हटलं आणि उदाहरण दिलं ते सेतुबंधाचं. वैदर्भ मार्गाला त्यानं पहिला मान दिला. तमिळ राजाच्या नगरात बसलेल्या पंडिताला विदर्भाविषयी एवढा जिव्हाळा का, याचं उत्तर अवंतिसुंदरीकथेत आहे. ही कथा १९२४ साली छापली गेली. तिच्यात दंडी आपल्या घराची हकीकत सांगतो. पूर्वज मूळचे गुजरातेतल्या आनंदपूरचे, तिथून ते अचलपूरला येऊन राहिले. पणजोबा दामोदर अचलपूरहून दक्षिणेत गेला, गंग राजा दुर्विनीताच्या सहवासात राहिला, आणि त्याचं एक पद्य कानावर पडलं म्हणून कांचीच्या सिंहविष्णू पल्लवानं त्याला बोलावून घेतलं. हे अचलपूर म्हणजे आपलंच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्या परतवाड्याच्या रस्त्यावरचं.

दंडीच्याच दशकुमारचरितात शेवटची गोष्ट विश्रुताची, आणि ती विदर्भाची आहे. भोजवंशातला पुण्यवर्मा हा चांगला राजा वारतो. मुलगा अनंतवर्मा कलांत रमलेला, राजनीतीचा कंटाळा करणारा. वसुरक्षित हा म्हातारा प्रधान त्याला परोपरीनं समजावतो. विहारभद्र नावाचा लाघवी माणूस कानाशी लागतो: एवढं जन्म झिजवून मिळवायचं काय, भोग घ्या. शेजारचा अश्मक राजा वसंतभानू हे ओळखतो आणि आपल्या प्रधानाच्या मुलाला दरबारात पेरतो. शिकार, जुगार, दारू, बाया, सगळ्यांचं समर्थन शास्त्राच्या शब्दांत होऊ लागतं. सैन्य पोखरतं, अधिकारी आपसांत भांडतात, प्रजा लुटली जाते. मग वनवासीचा भानुवर्मा चाल करून येतो, मांडलिक ऐन वेळी उलटतात, नर्मदेच्या काठी अनंतवर्मा मारला जातो. राणी वसुंधरा दोन लेकरं घेऊन माहिष्मतीला पळते.

मिराशींनी १९४५च्या सुमारास दाखवलं की ही केवळ कल्पित कथा नसावी. ज्याचा दबदबा अजिंठ्याचा लेख कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र इथवर सांगतो, त्या हरिषेण राजानंतर वाकाटकांचं राज्य एकाएकी नाहीसं होतं. ते कसं झालं हे एकही ताम्रपट सांगत नाही. दंडीची गोष्ट त्या रिकाम्या जागेत चपखल बसते. तसं असेल तर राज्य बुडाल्याची हकीकत अचलपूरच्या एका घरानं उराशी धरून कांचीपर्यंत नेली, आणि चौथ्या पिढीत पणतवानं ती लिहिली. गोष्ट पोचली, माणसांचे स्वभाव पोचले, विहारभद्राचं मधाळ बोलणंसुद्धा पोचलं. पण दंडीनं राजकुळाला भोज म्हटलं. वाकाटक हा शब्द त्याच्याही लेखणीत उतरला नाही. कदाचित तेव्हाच तो लोकांच्या तोंडून गेला होता.

गेल्या उन्हाळ्यात मी चमकला गेलो होतो. वखरलेली काळी वावरं, बांधावर निंब, ऊन इतकं की मातीला हात लागत नव्हता. पारावर एक म्हातारबा बसले होते. मी विचारलं, "बाबाजी, इथं तांब्याचे पत्रे निघाले व्हते म्हणतात, ते कोनतं वावर?"

"ऐकलं हाय बुवा," ते म्हणाले. "पन वावर कोनतं ते ठावं नाई. आमच्या आज्याच्याबी आधीची गोठ. तुमी कोन्या गावचे?"

"वलगावचा."

"गाडगेबाबाचं वलगाव!" त्यांनी हात जोडले. मग जरा सरकून मला बसायला जागा केली. "काय लिवलं व्हतं त्या पत्र्यावर?"

मी सांगितलं की हे गाव हजार लोकांना दान दिल्याचं लिहिलं होतं. गावाचं नाव होतं चर्मांक, नदीचं मधुनदी, देणारा राजा प्रवरसेन. ते नदीचं नाव ऐकून थोडं हसले, पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. मग राजाचं आडनाव काय म्हणून विचारलं.

"वाकाटक."

ते बराच वेळ विचार करत राहिले. पंचक्रोशीतली सगळी घराणी त्यांनी मनात फिरून पाहिली असावीत.

"वाकाटक," ते शेवटी म्हणाले. "कोन्या गावचे ते?"